पाळक आणि चिकासॉ

नमस्कार, श्रोतेहो.

आज तुम्हाला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात घेऊन जातो. तिथे एडा आणि टिशोमिंगो या गावांच्या आसपास, ओढ्यांच्या काठी, झाडीत लपलेली लहान लहान चर्चं आहेत. अशा एखाद्या चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, बॅप्टिस्ट असतो आणि चिकासॉही असतो. बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ. चिकासॉ ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. आपण ख्रिस्ताचे सेवक आहोत हे तो ज्या अभिमानाने सांगतो, त्याच अभिमानाने आपण चिकासॉ असल्याचंही सांगतो. असे पाळक तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. कुणा एकाचं चरित्र सांगण्याऐवजी त्यांचं आयुष्य कशातून घडलं, ते मी आज सांगणार आहे.

या पाळकाला बाहेरचे लोक हटकून एक प्रश्न विचारतात. ज्यांनी तुमची जमीन घेतली त्यांचाच हा धर्म, मग तुमचं चिकासॉपण उरलं कुठे? हा प्रश्न माझ्या चांगला ओळखीचा आहे. मी मराठी ख्रिस्ती घरातला. ‘तुम्ही घरी मराठीच बोलता का?’ असं आम्हालाही अजून विचारलं जातं. त्यामुळे चिकासॉ पाळक या प्रश्नाला काय उत्तर देत असेल, याची मला मनापासून ओढ लागली.

चिकासॉंचं मूळ वतन आजच्या मिसिसिपी राज्याच्या उत्तरेला, ट्युपेलोच्या परिसरात. मोठी कणखर माणसं. १५४१ साली त्यांनी दे सोतो या स्पॅनिश सरदाराच्या छावणीवर रात्री हल्ला करून ती जाळली. १७३६ साली अ‍ॅकिया गावावर चालून आलेल्या फ्रेंच फौजेला त्यांनी परतवून लावलं. रणांगणावर जे कुणाला साधलं नाही, ते पुढे करारांच्या कागदाने केलं. १८३२च्या पाँटोटॉक करारात त्यांना आपला सगळा मुलूख सोडावा लागला. मिसिसिपी नदीपलीकडे राहायला जागा हवी, तर तीही फुकट मिळाली नाही. १८३७ साली त्यांनी चोक्टॉ जमातीला ५,३०,००० डॉलर मोजून तिच्या प्रदेशाच्या पश्चिम भागात वस्ती करण्याचा हक्क घेतला. पैसा त्यांचाच, गमावलेल्या जमिनीच्या विक्रीतून आलेला. स्थलांतराचा खर्चही त्यातूनच झाला.

ख्रिस्ती धर्म मात्र या वनवासाच्या आधीच त्यांच्या गावात पोचला होता. १८२१ साली थॉमस स्ट्युअर्ट या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनऱ्याने पाँटोटॉकजवळ मन्रो मिशन सुरू केलं. त्याला चिकासॉ भाषा येत नव्हती. त्याचं बोलणं लोकांना समजावून सांगत होती डायना नावाची एक काळी स्त्री. ती गुलाम होती, आणि त्या मिशनची पहिली ख्रिस्ती झालेली व्यक्तीही तीच. म्हणजे त्या मिशनची सुवार्ता चिकासॉ भाषेत ऐकू आली ती एका गुलाम बाईच्या तोंडून. चिकासॉंमधले सधन लोक गुलाम बाळगत, स्थलांतराच्या वाटेवरही त्यांनी आपले गुलाम सोबत नेले, आणि गुलामगिरी संपल्यावरही जमातीने त्यांना आपले नागरिक मानलं नाही. अभिमानाची गोष्ट सांगताना ही बाजू झाकून ठेवणं मला पटत नाही.

हे मन्रो मिशन १८२७ साली बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाकडे, म्हणजे देशोदेशी मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेकडे, गेलं. हे नाव नगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, जुन्या ख्रिस्ती घरांना सांगायला नको. हेच बोर्ड १८१३ साली मुंबईत आलं, आणि त्याचीच अमेरिकन मराठी मिशन पुढे नगरला रुजली. एकाच संस्थेची माणसं एकीकडे मराठी शिकत होती आणि दुसरीकडे चोक्टॉ. चोक्टॉ भाषेतलं गीतपुस्तक १८२९ साली निघालं. चोक्टॉ आणि चिकासॉ या अगदी जवळच्या भाषा, त्यामुळे चिकासॉंनी ती गीतं आपलीशी केली. आजही त्यांच्या चर्चमध्ये ती गायली जातात.

मग बॅप्टिस्ट का? मला याचं मोठं कारण बॅप्टिस्टांच्या रीतीत दिसतं. प्रेस्बिटेरियन पाळक व्हायचं तर लांबलचक शिक्षण हवं, वरच्या मंडळाची मान्यता हवी. बॅप्टिस्टांत प्रत्येक मंडळी, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांचा समूह, स्वतंत्र. ज्याला देवाचं बोलावणं आलं आहे असं मंडळीला वाटतं, त्याला तीच पाळक नेमते. तो आठवडाभर शेतात राबणारा असला तरी चालतं, आणि आपल्या भाषेत उपदेश करणारा असला तर मंडळीला तो अधिकच जवळचा. पुढे शिकायचं म्हटलं तर मस्कोगीचं बॅकोन कॉलेज होतं. १८८० साली बॅप्टिस्टांनी ते मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीच सुरू केलं होतं.

पुढचा काळ फार वाईट आला. एकत्र मालकीची जमीन सरकारने मोडली आणि माणशी तुकडे पाडले. प्रत्येक चिकासॉच्या नावावर मध्यम प्रतीची ३२० एकर जमीन लागली आणि पूर्वीच्या गुलामांना ४० एकर. त्यातली कितीतरी जमीन लबाड दलालांनी हां हां म्हणता गिळली. जमातीच्या शाळा हातच्या गेल्या. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं आणि चिकासॉ शासन जवळजवळ नावापुरतं उरलं. त्यांचा गव्हर्नर, म्हणजे जमातीचा प्रमुखसुद्धा, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नेमू लागले. लोकांनी आपला गव्हर्नर पुन्हा मतदानाने निवडला तो १९७१ साली. मधल्या साठ-पासष्ट वर्षांत चिकासॉंनी चिकासॉ म्हणून एकत्र यायचं कुठे? माझ्या मते त्या पाळकाचं खरं उत्तर इथे आहे. शाळेत आपल्या भाषेत बोललं की मुलांना शिक्षा व्हायची. रविवारी चर्चमध्ये मात्र आजी त्याच भाषेत मोठ्याने प्रार्थना करायची आणि तिला गप्प करायची कुणाची छाती नव्हती.

त्या रविवारांचं थोडं वर्णन करतो. चर्चच्या भोवती एकेका कुटुंबाची साधी झोपडीवजा घरं असत. लांबून आलेले लोक शनिवारीच मुक्कामाला येत. अंगणात चुलीवर लोखंडी हंडा चढे आणि त्यात पशोफा शिजे, म्हणजे मक्याच्या कण्या आणि डुकराचं मांस. कण्या खाली लागू नयेत म्हणून लाकडी दांड्याने तासन्‌तास ढवळत राहायचं, आणि हे काम बायका आळीपाळीने करायच्या. थंडी सरता सरता रानकांदा निवडून तो अंड्यात परतायचा. उपासनेत बाजाची पेटी नसे. एखादा वडीलधारा पहिली ओळ उचलायचा आणि बाकीचे हळूहळू त्यात मिसळायचे, लय अगदी संथ. पाळक आधी इंग्रजीत बोले, मग चिकासॉत, आणि म्हाताऱ्यांचे हुंकार दुसऱ्या भाषेला यायचे. बाप्तिस्मा जवळच्या ओढ्यात, पूर्ण बुडवून, थंडी असली तरी. डेव्हिस गावाजवळच्या डोंगरात फॉल्स क्रीक नावाचं बॅप्टिस्टांचं मोठं शिबिरस्थळ १९१७ पासून आहे. तिथे मूळ रहिवाशांच्या मंडळ्यांचंही वेगळं शिबिर भरत आलं आहे.

सगळे पाळक उदार होते असं मात्र नाही. रात्रभर आगीभोवती चालणारा नाच, वैदूचे विधी हे सगळं सैतानाचं आहे असं व्यासपीठावरून सांगणारे बरेच होते. मोठ्या कळकळीने सांगत, पण त्यामुळे काही गोष्टी विस्मरणात गेल्या. पशोफाचंच घ्या. पूर्वी ते आजाऱ्याला बरं करण्याच्या विधीतलं अन्न होतं. विधी मागे पडला आणि हंडा तेवढा चर्चच्या अंगणात आला. मला याची हळहळ वाटते. पण तो हंडा तिथेही आला नसता तर पशोफा आज कुणाला करता आला असता, हाही विचार मनात येतो.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा माणूस आता परका झाला असं कितीजणांना वाटलं. टिळकांनी अभंग सोडला नाही, भजन सोडलं नाही. ते चर्चमध्ये नेऊन बसवलं, आणि आम्ही आजही उपासनेत टाळ-मृदंगावर त्यांची पदं गातो. टिळक एक प्रतिभावान कवी होते. ओक्लाहोमात हेच काम नाव नसलेल्या शेतकरी-पाळकांनी केलं.

एका पाळकाचं नाव मात्र घेतलंच पाहिजे, त्यांचा पंथ कुठला का असेना. रेव्हरंड जेस हम्स आणि त्यांच्या पत्नी विनी मे यांनी म्हातारपणी चिकासॉ भाषेचा शब्दकोश रचला. तो १९७३ साली छापून आला. विनी मे यांचा मुलगा ओव्हर्टन जेम्स तेव्हा गव्हर्नर होता. आपल्याला येणारा एकेक शब्द आठवून, उच्चारून, इंग्रजी अक्षरांत बसवत या जोडप्याने तो कोश पुरा केला.

या कोशाची निकड किती होती, ते पुढे दिसलं. फक्त चिकासॉच बोलणाऱ्या शेवटच्या बाई, एमिली डिकरसन, २०१३च्या डिसेंबरात वारल्या. आज जमातीची संख्या सत्तर हजारांवर आहे, पण जन्मापासून ही भाषा बोलणारे अगदी थोडे उरलेत. जमातीने २००७ साली भाषेसाठी स्वतंत्र विभाग काढला. तिथे तरुण मुलं एकेका वृद्धाजवळ बसून भाषा शिकतात, आणि त्या वृद्धांपैकी पुष्कळांचं बालपण याच चर्चच्या अंगणात गेलेलं आहे. २०१२ साली प्रार्थनांचं एक पुस्तक निघालं, चिकासॉ भाषेत. इतकी वर्षं हातात चोक्टॉ गीतपुस्तक आणि इंग्रजी बायबल घेऊन उभं राहणाऱ्या पाळकाला आता आपल्या भाषेतली छापील प्रार्थना मंडळीपुढे वाचता येते.

नमस्कार.