गणपतीपुळ्याला निघण्याआधी: सोलापुरात बसून समुद्र कसा ओळखायचा?

[टेबलावर पंचांग, मोबाईल आणि पाच लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन]

नमस्कार मंडळी. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस चाललंय, पंखा गरम वारा मारतोय आणि घराघरात एकच विषय आहे, कोकणात कधी निघायचं? मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट. रात्रभर गाडी हाणायची, सकाळी सातला गणपतीपुळे. दर्शन, नाश्ता, आणि मग आजीपासून नातवापर्यंत सगळं खानदान पाण्यात.

आज त्या पाण्याबद्दल बोलायचंय. आता तुम्ही म्हणाल, कंबर तलावाच्या काठावर वाढलेला माणूस आम्हाला समुद्र शिकवणार? अहो, भारताच्या सगळ्या किनाऱ्यांवर लाट किती येणार, हा सरकारी अंदाज कुठून निघतो माहितीये? मुंबईहून नाही, गोव्याहून नाही. हैदराबादहून. इन्कॉईस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९९९ पासून. हैदराबादला कुठं समुद्र आहे? आपल्याच हायवेवरचं गाव ते, पाच-सहा तासांवर. मग सोलापूरनं काय घोडं मारलंय!

आधी माझी फजिती सांगतो.

कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना. आभाळ निळंशार, वारा नावाला. लॉजचे मालक सकाळी चहा देताना म्हणाले, "आज पाण्यात जाऊ नका, लाट लांबची आहे." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. लाट लांबची म्हणजे काय? मोबाईलवर बघितलं तर सूर्याचं चित्र आणि वारा ताशी आठ किलोमीटर. झालं की, चला!

मावसभाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाच-सात मिनिटं लाटा येऊन फक्त पायाला गुदगुल्या करून जात होत्या. मग एका मागोमाग तीन आल्या. पहिलीनं तो हलला. दुसरी कमरेला लागली. आणि ती परत फिरली ना, तेव्हा त्याच्या टाचांखालची वाळूच निघून गेली. कुणी पायाखालची सतरंजी ओढावी तशी. तो बसला, आणि बसल्या बसल्या घसरगुंडीवरून जावं तसा आत गेला. तिसरी त्याच्या डोक्यावरून गेली. नारळपाणी विकणाऱ्या एका पोरानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. चष्मा गेला, एक चप्पल गेली. कोल्हापूर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

चूक हवामानाच्या ॲपची नव्हती. आम्ही आभाळ बघितलं होतं, समुद्र बघितलाच नव्हता. दोन्ही वेगळे असतात, हे आपल्या डोक्यातच नसतं. आपल्याकडे पाणी हलतं ते वाऱ्यानं. वारा थांबला की पाणी थांबलं.

[उजनीच्या पाणलोटाचा फोटो]

हे उजनी. आपला समुद्र म्हणजे हाच. इथं संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं की पाच-दहा मिनिटांत पाणी उसळतं. लाट उंच नसते, पण एकीला एक लागून येते, दोन-तीन सेकंदाला एक, आणि उभी असते. म्हणून छोटी बोट सावरत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते आपण कुणी विसरलेलो नाही. तर ही जवळची लाट. वाऱ्याची पोर. वारा इथं, लाट इथं.

समुद्रात दुसरी एक जात असते. तिला स्वेल म्हणतात. लॉजचे मालक म्हणाले ती लांबची लाट हीच. वादळ होतं हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या बाजूला. तिथं वारा दिवसेंदिवस पाण्यावर घासतो, आणि त्यातून निघालेल्या लाटा वादळ संपलं तरी चालत राहतात. दर पंधरा सेकंदाला एक अशी लाट असेल तर तिची शक्ती ताशी बेचाळीस किलोमीटरच्या आसपास पुढं सरकते. मालगाडीसारखी, पण न थांबता. दिवसाला हजार किलोमीटर. म्हणजे सहा हजार किलोमीटरवरची लाट सहाव्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर हजर, आणि इथल्या आभाळात ढगाचा तुकडा नाही.

केरळातल्या कोळ्यांनी याला फार नेमकं नाव दिलंय, कल्लक्कडल. कल्लन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. चोरासारखा येणारा समुद्र. हे नाव आता शास्त्रज्ञही वापरतात, आणि याचा जोर असतो तो नेमका एप्रिल-मे महिन्यात. आपल्या सुट्टीत! मे २०२४ मध्येच कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर मेडिकलची पाच मुलं अशा दिवसांत बुडाली. तेव्हा या लाटांचा इशारा दिलेला होता. केरळ-तमिळनाडूला हा मार जास्त बसतो, पण दक्षिणेकडून आलेली लाट कोकणाला वगळून जात नाही.

आता कामाचं. मोबाईलवर समुद्राचा अंदाज उघडला की तीन-चार आकडे दिसतात. समजा, दोन दिवसांचे अंदाज असे आहेत. आकडे उदाहरणासाठी घेतलेत हं.

[स्क्रीनवर दोन ओळी]
पहिला दिवस: लाट १.२ मीटर, पिरियड ६ सेकंद, वारा २५.
दुसरा दिवस: लाट १.२ मीटर, पिरियड १४ सेकंद, वारा ८.

कुठल्या दिवशी पाण्यात जाल? आपण सगळे दुसऱ्या दिवसावर बोट ठेवतो, वारा कमी म्हणून. चुकलं! पहिल्या दिवशी समुद्र खडबडीत दिसेल, फेस दिसेल, तुम्ही आपणहून घाबराल, काठावर राहाल. दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत दिसेल. पण पिरियड म्हणजे दोन लाटांमधलं अंतर, सेकंदात मोजलेलं. ते अंतर जितकं जास्त, तितकं प्रत्येक लाटेच्या पोटात पाणी जास्त. सहा सेकंदाची लाट काठावर येऊन फुटते आणि विरते. चौदा सेकंदाची फुटताना आणखी उंच होते, वाळूवर लांबवर चढते, आणि तेवढंच सगळं पाणी माघारी नेते. माझ्या भावाला लाटेनं पाडलं नाही, माघारी जाणाऱ्या पाण्यानं नेलं.

उंचीचं पण एक गुपित आहे. १.२ मीटर म्हणजे सगळ्यात मोठी लाट १.२ नव्हे. ती सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते. आणि उंची दुप्पट झाली की ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते.

या लांबच्या लाटा टोळीनं येतात. चार-पाच मोठ्या, मग बराच वेळ शांत, परत चार-पाच. आम्ही त्या शांत वेळात पाण्यात उतरलो होतो. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर दहा मिनिटं काही करू नका. चपलासुद्धा काढू नका. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. एक लाट फुटली की सुरू, अकरावी फुटली की बंद, आणि दहानं भागा. सात-आठ आलं तर जवळचा कारभार आहे. बारा-तेराच्या वर गेलं तर पोरांना काठावर किल्ला बांधायला बसवा. हा माझा हिशेब आहे, सरकारी नियम नाही. इन्कॉईसचा इशारा असेल तर मोजायचीही गरज नाही, त्या दिवशी पाणी लांबून बघायचं.

[पंचांग हातात]

आता हे. हसू नका, मी काही मुहूर्त सांगत नाहीये. महाराष्ट्रभर भिंतीला टांगलेलं असतं ते दाते पंचांग आपल्या सोलापूरचं. शंभर वर्षांहून जुनं. आणि यात कोकणातल्या भरतीची वेळ लपलेली आहे.

कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. एकादशी? अकराची पाऊणपट सव्वाआठ. पंढरपूरला चंद्रभागेत गर्दी असते तेव्हा रत्नागिरीत सकाळी सव्वाआठच्या सुमाराला भरती. पौर्णिमा पंधरा धरा, सव्वाअकरा. अमावास्येला पंचांगात तीस लिहिलेलं असतं, तिथंही पंधराच धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण गाडी कधी काढायची एवढं कळायला बास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज जवळपास पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढं ढकलली जाते. पाऊणपटीचं गणित तिथून आलंय.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप चढतं, खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, पाणी कमी हलतं. सहा तासांत पाणी सारखंही उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं.

आता आपलं टाइमटेबल यावर ठेवून बघा. पौर्णिमेला सव्वाअकराला पूर्ण भरती. आपण दर्शन आटपून, जेवून पाण्यात कधी जातो? एक-दीडला. म्हणजे उधाणाचं पाणी सगळ्यात जोरात बाहेर निघतं, त्या वेळी आपण पोट भरून गुडघाभर पाण्यात सेल्फी काढत असतो! सुट्टी असेल तर अष्टमीच्या बाजूला काढा ना. लॉजवाले तिथीप्रमाणे भाडं लावत नाहीत.

रिप करंटबद्दल एवढंच सांगतो, कारण हे डोळ्यांनी दिसतं. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूत जिथं खोलगट पट्टा असेल तिथून ओढ्यासारखं आत धावतं. तिथं लाटा फुटत नाहीत, पाणी गडद दिसतं, फेस समुद्राकडं जाताना दिसतो. आणि आपल्याला वाटतं, अरे इथं लाटा नाहीत, पोरांना इथंच सोडू. तीच वाट! सापडलात तर किनाऱ्याकडं सरळ पोहू नका. विहिरीत पोहून तयार झालेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तिथं चालत नाही. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून ओरडा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं सरका. ओढा अरुंद असतो, बाजूला झालं की सुटतो.

आणि काठावरच्यांनी मागं उडी टाकू नका. एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात ती अशीच. हा कॅन बघा. रिकामा, झाकण घट्ट. हा फेका. बुडणारा माणूस याला छातीशी धरून तरंगतो. गाडीत प्यायच्या पाण्याचा कॅन असतोच आपल्याकडं, रिकामा झाला की रस्त्यात टाकू नका, किनाऱ्यावर घेऊन जा. फोन ११२, तटरक्षक दलाचा १५५४.

मे संपत आला की एक गोष्ट वेगळी बघायची, अरबी समुद्रात कमी दाब आहे का. २०२१ ला तौक्ते मे महिन्याच्या मध्यावरच कोकणाला घासून गुजरातेत गेलं. २०२० ला निसर्ग ३ जूनला अलिबागजवळ आलं. वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाच लाटा पुढं येऊन पोहोचतात. आणि पाऊस सात जूनलाच येतो, या भरवशावर राहू नका, २०२५ ला मॉन्सून २६ मेलाच मुंबईत होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून ठेवतात, आणि आपण जूनच्या दुसऱ्या शनिवारी भिजायला जातो. पावसाळी समुद्र बघायला जरूर जा, फार देखणा असतो. पण बघायला.

पाण्यात जायचंच असेल तर वेळ सकाळची. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडं वाहणारे मतलई वारे तेव्हा असतात, भूगोलात शिकलो होतो ते. पाणी स्वच्छ आणि नीट दिसतं. दुपारनंतर खारे वारे सुटतात, वरून लहान लाटांची गर्दी होते आणि खालची लांबची लाट ओळखू येत नाही.

मागच्या वर्षी वडिलांना घेऊन गेलो होतो. त्यांना हे सगळं एकदा सांगितलं आणि पस्तावलो. सुरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले, चष्मा पुसला, घड्याळ हातात घेतलं. शेजारी पुण्याचं एक कुटुंब टॉवेल घेऊन पाण्याकडं निघालं होतं, त्यांना हात करून थांबवलं. दहा मिनिटं मोजलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साडेतेरा! आज फक्त भेळ."