तत्त्वाची किंमत कोण भरतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज तत्त्वांबद्दल बोलायचं आहे, पण घाबरू नका. ज्या तत्त्वांपायी माणसं तुरुंगात गेली, त्यांच्याविषयी बोलण्याची माझी पात्रता नाही. मला बोलायचंय ते आपल्या जिन्यातल्या, लोकलमधल्या, लग्नाची यादी करतानाच्या तत्त्वांबद्दल. हुंडा घ्यायचा नाही, लाच द्यायची नाही, रांग मोडायची नाही, भाडेकरू ठेवताना आडनाव बघायचं नाही. ऐकायला किती साधं! परक्या माणसाला 'नाही' म्हणणं फारसं अवघड नसतं. खरी पंचाईत होते ती सख्ख्या मावशीला नाही म्हणताना, रोज चहाला येणाऱ्या शेजाऱ्याला नाही म्हणताना. आपल्यावर माया करणाऱ्या माणसांपुढे आपण पटकन विरघळतो.

म्हणून मी एक पाहायला शिकलोय. एखादा तत्त्वाची गोष्ट सांगू लागला, की मी मनात विचारतो, ह्याचं बिल कोण भरतंय?

'आयुष्यात एक पैसा लाच दिली नाही' असं छातीवर हात ठेवून सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यातल्या कितीतरी जणांचं लायसन्स, घराचे कागद एजंटाने करून आणलेले असतात. एजंटाची फी एवढी का, हे त्यांनी कधी विचारलेलं नसतं. हात यांचे स्वच्छ, बरबटतो तो एजंट. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर कचेरीच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असतो, आणि बऱ्याचदा एजंट त्याच भिंतीला टेकून उभा असतो.

ज्यांनी बिल स्वतः भरलं असे एक मुंबईकर मला फार जवळचे वाटतात, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. विल्सन कॉलेजात, म्हणजे आपल्या गिरगाव चौपाटीसमोर, गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. आज सरकारी दवाखान्यात भिंतीवर चिकटवलेला विषय तेव्हा चारचौघांत उच्चारायचीही सोय नव्हती. कॉलेजच्या चालकांना हे रुचलं नाही आणि नोकरी गेली. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 साली निधन होईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी खटला हरले.

कर्व्यांची गोष्ट सांगताना आपण हमखास त्या कोर्टापाशी थांबतो, कारण तिथे नाट्य आहे. मला मात्र त्या सव्वीस वर्षांचं जास्त वाटतं. खटला कधीतरी होतो, छापखान्याचं देणं दर महिन्याला येतं. वर्गणीदार मोजके, टिंगल करणारे अमाप, आणि तरी पुढच्या अंकाचा मजकूर लिहायला बसायचं. रोजच्या जगण्यातलं तत्त्व हे असं असतं, बरंचसं कंटाळवाणं.

आणि त्यांच्या पत्नी, मालतीबाई? मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला होता. तो 'दोघांनी' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्या घरांत काय होतं बघा. साहेबांचं तत्त्व, मुलाच्या लग्नात आहेर घ्यायचा नाही. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलं आणि साहेब मोकळे. मग हॉलच्या दारात, हातात पाकीट घेऊन रुसलेल्या एकेका नणंदेची, एकेका आत्याची समजूत काढते ती बायको. साहेबांची वाहवा होते आणि पुढची दोन वर्षं टोमणे तिला मिळतात. अशा वेळी तत्त्व नवऱ्याचं म्हणावं की बायकोचं, मला तरी ठरवता येत नाही.

आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत. ग्रुप म्हटल्यावर तुम्हाला चित्र दिसलंच असेल. मागच्या स्टेशनवरून बसून येणारा एक मेंबर, त्याने रुमाल टाकून अडवलेल्या जागा, आणि नवखा कुणी बसायला गेला की चारी बाजूंनी 'ओ, जागा आहे इथे!' हे गृहस्थ अडवलेल्या जागेवर बसत नाहीत. उभे राहतात. सुरुवातीला खूप थट्टा झाली, 'आले महात्मा' वगैरे. त्यांनी वाद घातला नाही, ग्रुपही सोडला नाही. उभ्याउभ्या सगळ्यांच्या डब्यातलं खातात, भजनाला टाळ धरतात, दसऱ्याला डबा सजवायचा तर झेंडूची फुलं दादरच्या बाजारातून तेच आणतात. एकदा एका नव्या पोरावर सगळे ओरडले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'त्याला बसू द्या, माझ्या वाटची जागा समजा.' यावर कोण काय बोलणार? दुसरा कोणी असता तर त्याने डब्यात भाषण ठोकलं असतं आणि अर्ध्या तासात सगळ्यांना नकोसा झाला असता. अशी भाषणं ठोकणाऱ्यांची मला धास्तीच वाटते. (हो, मी इथे माइकसमोर तेच करतोय, पण तुम्हाला रेडिओ बंद करता येतो. डब्यातल्या माणसाला उतरता येत नाही.)

आता थोडं नाजूक. संक्रांतीचं हळदीकुंकू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद. शासनानेही मग परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मुंबईतल्या बिल्डिंगांमध्ये अशी ग्रामसभा नसते. इथे प्रत्येक सुनेला दर जानेवारीत स्वतःच्या सासूशी बोलून ठरवावं लागतं, की समोरच्या ब्लॉकमधल्या, नवरा गेलेल्या काकूंना बोलवायचं की नाही. एका मुलीने आग्रहाने बोलावलं. काकू आल्या, आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की दहा मिनिटांत वाण न घेताच उठल्या. मुलगी चिडली, मैत्रिणींशी भांडली. मी म्हणेन, तिचं तत्त्व अगदी बरोबर होतं, पण त्या दिवसाची किंमत काकूंनी भरली. पुढच्या वर्षी तिने आधी काकूंनाच विचारलं. काकू म्हणाल्या, 'मला लुटुपुटीचं बोलावणं नको. पहिलं कुंकू मला लावणार असशील तर येते.' हे ऐकल्यावर सासूबाईंशी जो वाद झाला तो त्या मुलीने स्वयंपाकघरात, दार लावून, एकटीने घातला. तो पूर्ण जिंकली असं नाही. पण काकू आल्या, आणि जेवूनच गेल्या.

शेवटचं उदाहरण सोसायटीचं, कारण मुंबईकराच्या तत्त्वांची खरी परीक्षा तिथेच होते. एका सोसायटीत फ्लॅट विकला जात होता. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं शुल्क जास्तीत जास्त 25 हजार रुपये, आणि त्यावर देणगीच्या नावाखाली काही मागायचं नाही हेही तिथेच लिहिलंय. पण 'ऐच्छिक देणगी' ही आपल्याकडची जुनी युक्ती. ऐच्छिक म्हणजे काय, तर दिली नाही तर कागद पुढे सरकत नाहीत. कमिटीने नव्या माणसाकडे काही लाख मागितले. आता गंमत बघा, यात कोणी चोर नव्हता. पैसा कुणाच्या खिशात जाणार नव्हता. लिफ्ट जुनी झाली होती, चौथ्या मजल्यावरच्या आजींना जिना चढवत नव्हता. 'येणारा कोटीचा फ्लॅट घेतोय, त्याला काय जड आहे?' या प्रश्नाला काय उत्तर देणार तुम्ही?

कमिटीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, 'लिफ्ट हवीच. प्रत्येक घराने वर्गणी काढू या, हा माझा चेक.' आणि चेक खरोखरच टेबलावर ठेवला. 'देणगीला माझा विरोध आहे, तो इतिवृत्तात लिहा.' मतं पडली, बाई हरल्या. देणगी घेतली गेली. चेक मात्र त्यांनी परत घेतला नाही, तो लिफ्टच्या निधीत जमा झाला. सेक्रेटरी पंधरवडाभर घुश्शात होते. गणपतीत त्यांच्याकडून मोदक आले आणि बाईंनी ते आवडीने खाल्ले. त्यांची तक्रार ठरावाबद्दल होती, माणसाबद्दल नव्हती. पुढे दुसरा फ्लॅट विकायला निघाला, तेव्हा घेणाऱ्याने जुनी इतिवृत्तं वाचायला मागितली आणि त्याच्या हाती बाईंची ती नोंद लागली. कमिटीने या वेळी 25 हजारांवर थांबायचं ठरवलं. धाक त्या नोंदीचा होता की शहाणपण आलं, कोण जाणे.

सप्टेंबर जवळ आलाय. तुमच्याही सोसायटीची वार्षिक सभेची नोटीस फलकावर लागेल. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्या वेळी निम्मी सभा चहाची वाट बघत असते आणि उरलेली निम्मी मोबाइलमध्ये. तुम्ही गेल्या वर्षी कशाला विरोध केला असेल, तर तो लिहिलाय का, तेवढं कान देऊन ऐका. राहिला असेल तर हात वर करा आणि लिहून घ्या. मग चहा प्या.

नमस्कार.