गोदाकाठची घागर

(पडदा अंधारलेला. पाण्याचा आवाज.)

रात्रीचे दोन वाजत आलेत. नांदेड झोपलंय. घाटाच्या पायऱ्या उतरून एक सेवादार गोदावरीत चांदीची घागर बुडवतो. इथे त्याला गागरिया सिंघ म्हणतात. पंजाबीतली गागर ती आपली घागर. भरलेली घागर घेऊन तो परत फिरतो. याच पाण्याने सचखंडाचा, म्हणजे इथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा, गाभारा धुतला जाईल. हा इथला रोजचा नेम.

(पहाट. सोन्याचा कळस.)

सन १७०८. बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत उतरलेले शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंघ नांदेडला थांबले. नदीकाठी मठ करून राहिलेला माधोदास बैरागी त्यांना इथेच भेटला आणि बंदासिंघ बहादूर होऊन पंजाबकडे निघाला. गुरूंवर मात्र एका पठाणाने वार केला. ७ ऑक्टोबरला ते जोतीजोत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी गुरुगादी कुणा माणसाला दिली नाही, गुरू ग्रंथसाहिब या धर्मग्रंथाला दिली.

बरोबरचे बहुतेक लोक परत गेले. पण लंगर, म्हणजे सगळ्यांसाठीचं मोफत जेवण, चालवायला आणि गुरूंच्या अंगीठ्यापाशी, म्हणजे दहनाच्या जागी, दिवा लावायला काहीजण मागे राहिले. या मागे राहिलेल्यांपासूनच नांदेडची संगत, म्हणजे इथला शीख भाविकांचा मेळा, सुरू होते.

गुरुद्वाऱ्याची आजची इमारत सव्वाशे वर्षांनी आली. महाराजा रणजितसिंघांनी १८३२ ते १८३७ या काळात ती बांधवून घेतली. त्याच सुमारास लाहोरहून शिखांची फौज निजामाच्या चाकरीत हैदराबादला आली. त्यातले कित्येक परतलेच नाहीत. दखनी शीख म्हणून ते इथलेच झाले. निळी पगडी, कमरेला कृपाण, आणि भाजीवाल्याशी घासाघीस अस्सल मराठवाडी बोलीत! बाहेरून आलेल्याला गंमत वाटते, नांदेडकराला त्याचं काहीच वाटत नाही.

(सायंकाळ. दिव्यांचं तबक.)

पंजाबातून पहिल्यांदा आलेले यात्रेकरू इथे जरा चकित होतात. गुरू ग्रंथसाहिबाशेजारी गुरू गोविंदसिंघांच्या नावे असलेल्या दसम ग्रंथाचाही प्रकाश, म्हणजे तोही उघडून मांडलेला. संध्याकाळी दिवे ओवाळून आरती. गुरूंची शस्त्रं संगतीला एकेक करून दाखवली जातात. दसऱ्याला हल्लाबोल, म्हणजे लढाईच्या थाटाची मिरवणूक. हे सगळं हजुरी संगतीने पिढ्यान्‌पिढ्या जपलं, आणि कुणाला विचारून जपलं नाही.

निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये कायदा होऊन गुरुद्वारा बोर्ड आलं. २००८ मध्ये गुरुगादीला तीनशे वर्षं झाली, तेव्हा शहराचं रूपच पालटलं. रस्ते रुंद झाले, विमानतळाला गुरूंचं नाव मिळालं. गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दाट वस्तीतली कित्येक घरंही त्यात गेली. सोहळ्याच्या चित्रफितींत ती घरं दिसत नाहीत.

(रेल्वे स्थानक.)

नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते. सुमारे दोन हजार किलोमीटर. वाटेतल्या स्थानकांवर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात. डबा थांबला की लंगर सुरू. डाळ, भाजी, पोळी. पैसे कुणी मागत नाही, फक्त भांडं आपलं हवं. नेहमीचे प्रवासी निघतानाच पिशवीत ताट-वाटी टाकतात.

(दरबार. कीर्तन.)

रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, आता भगत नामदेवांचा, आपल्या संत नामदेवांचा, शबद म्हणजे पद धरतात. ग्रंथात त्यांचे ६१ शबद आहेत. नामदेवांचं नरसी इथून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातच. ओळखीचं नाव ऐकून मागे बसलेल्या एक आजी पदर सावरतात. त्या वारकरी. दर एकादशीला पंढरीची आठवण काढतात, आणि इथेही येतात.

रागी थांबतात. बाहेर जोडेघरात कुणीतरी आजींच्या चपला पुसून ठेवल्या आहेत.