४६५ नंबरचं दार

(काळा पडदा. टर्मिनल उघडतो.)

एक आज्ञा, एक एंटर. समोरून तीन आकडे येतात : २२०. मेल सर्व्हर म्हणतोय, तयार आहे, बोला. आपण उभे आहोत पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हरच्या २५ नंबरच्या दारावर. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे नियम लिहिले, त्यातही हाच आकडा आहे. आजही एका सर्व्हरचं टपाल दुसऱ्याकडे जातं ते याच दारातून. स्पॅमच्या उपद्रवामुळे अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवर हे दार बंद केलं, आणि घरी स्वतःचा सर्व्हर चालवणारे अडले.

(वायरशार्कची खिडकी : नेटवर्कवरून जाणारं बोलणं पकडून दाखवणारा प्रोग्राम.)

आता हे नीट बघा. आमच्या लॅबमधलं जुन्या पद्धतीचं सेटिंग : पॉप थ्री (सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याची पद्धत), पोर्ट ११०. लाल अक्षरं आपल्या संगणकाची, निळी सर्व्हरची. लाल ओळीत 'यूझर', पुढे नाव. निळ्यात 'ओके'. पुन्हा लाल : 'पास', आणि त्यापुढे चाचणीसाठी घेतलेला पासवर्ड. जसाच्या तसा, अक्षर न् अक्षर. कुणी कुलूप तोडलेलं नाही, इथे कुलूप, म्हणजे मजकूर सांकेतिक करणं, नव्हतंच. मेल वाचण्याच्या दुसऱ्या पद्धतीचं, आयमॅपचं, १४३ हे दारही मुळात असंच उघडं.

(फाइल वर सरकत जाते. एका ओळीवर थांबते.)

डेबियन लिनक्समध्ये पोर्टच्या नंबरांची ही फाइल असते. ४६५ ची ओळ. एका नंबरापुढे चार नावं : सबमिशन्स, एसएसएमटीपी, एसएमटीपीएस, यूआरडी. एवढी नावं उगाच पडलेली नाहीत.

१९९७ च्या सुरुवातीला हा नंबर सुरक्षित एसएमटीपीसाठी नोंदवला गेला. इथे आधी कुलूप, मग बोलणं. १९९८ सरता सरता ती नोंद रद्द झाली, कारण स्टार्टटीएलएस आलं होतं : सुरुवात उघड्यावर करायची, आणि दोघांचं जमलं की त्याच दारात कुलूप घालायचं. मेल पाठवणाऱ्यांसाठी त्याच डिसेंबरात ५८७ ठरलं. ४६५ पुढे भलत्याच कामाला दिलं. यूआरडी ते हेच. पण कागदावर रद्द झालेलं दार लोकांनी सोडलं नाही. मेलचे प्रोग्राम तिथेच येत राहिले, सर्व्हर तिथेच उघडत राहिले.

(पडद्यावर '२५०-स्टार्टटीएलएस'. ओळ पुसली जाते.)

'कुलूप घालता येईल' असं सांगणारी सर्व्हरची ही एवढी एक ओळ वाटेत बसलेल्याने गाळली, तर कुलपाचा आग्रह न धरणारा प्रोग्राम उघड्यावरच पासवर्ड देऊन मोकळा होतो. पहिल्या अक्षरापासून कुलूप हवं, असं आम्ही ठासून म्हणतो ते यासाठी.

जानेवारी २०१८. आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ४६५ ला मेल पाठवण्याचं काम अधिकृतपणे परत मिळालं, सबमिशन्स या नव्या नावाने. मेल वाचण्यासाठी जोडीला आयमॅपचं ९९३ आणि पॉप थ्रीचं ९९५.

(सेटिंगची चौकट. बोटं कीबोर्डवर.)

११० खोडलं. ९९५ लिहिलं, एसएसएलच्या, म्हणजे कुलपाच्या चौकोनात खूण केली. वायरशार्क पुन्हा सुरू. तोच संगणक, तोच पासवर्ड. लाल ओळीत आता नाव नाही, 'पास' नाही. नुसती ठिपक्यांची आणि तुटक अक्षरांची रांग.