क्षमा मिळते, पद मिळेलच असं नाही

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे धर्माचं बोलणारा माणूस एकाच पट्टीने मोजतात: बोले तैसा चाले. कीर्तनकार असो, मठपती असो की चर्चमधले फादर, वागणं बोलण्याशी जुळलं नाही की माणूस उतरतो आणि त्याचे शब्दही उतरतात. त्यामुळे कॅथलिक चर्चची एक शिकवण इथे सांगितली की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. धर्मगुरू स्वतः घोर पापात बुडालेला असला तरी त्याने दिलेला बाप्तिस्मा खराच असतो, त्याने अर्पण केलेली मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, खरीच असते, ही ती शिकवण. "म्हणजे फादरांनी काहीही केलं तरी चालतं होय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. चर्चमधल्याच कित्येकांनी या शिकवणीचा अर्थ तसा लावला आणि त्याचे परिणाम लेकरांनी भोगले.

शिकवण आली कुठून, ते आधी पाहू. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ जप्त करून जाळायचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत काही बिशपांनी जिवाच्या भीतीने ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ ओसरल्यावर कार्थेजमध्ये सेसिलियन बिशप झाला, तेव्हा विरोधकांनी हरकत घेतली: याला दीक्षा देणाऱ्या फेलिक्सने ग्रंथ दिले होते, सबब दीक्षा बाद. पुढे चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, पण तोवर दोन तट पडले होते. या विरोधी गटाला त्याच्या पुढाऱ्याचं, डोनेटसचं नाव पडलं. विटाळलेल्या हातून पवित्र संस्कार होऊच शकत नाही, हे त्यांचं म्हणणं. शतकभर वाद चालला. अखेर ४११ मध्ये कार्थेजलाच दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर आले. डोनेटसवाल्यांच्या विरोधात उभा राहिलेला बिशप ऑगस्टीन, त्याचं उत्तर तोवर सर्वांना ठाऊक होतं. येशूच्या पट्टशिष्याने, पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्त, आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच.

हे उत्तर कुणाच्या भल्यासाठी होतं, ते नीट पाहा. अक्कलकोटकडच्या एखाद्या वस्तीवरल्या आईने लेकराचा बाप्तिस्मा करून घेतला आणि बारा वर्षांनी फादर भानगडीत सापडले, तर त्या लेकराचा बाप्तिस्मा बाद धरायचा का? तिच्या सासऱ्याने मरताना त्या फादरांपुढे केलेलं पापनिवेदन वाया गेलं का? दुसऱ्याच्या मनात काय दडलंय हे त्या बाईला कळणार कसं? ऑगस्टीनने संरक्षण दिलं ते त्या बाईला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये हीच शिकवण नियमात बांधली, तीही भाविकांच्याच बाजूने. फादरांना मोकळीक म्हणून तिचा एक शब्दही लिहिलेला नाही. उलट चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, म्हणजे कॅनन कायद्याच्या कलम ९७७ ने एक अपवाद मुद्दाम कोरून ठेवलाय: शुद्धतेच्या आज्ञेविरुद्ध ज्या व्यक्तीबरोबर धर्मगुरूने पाप केलं, तिला त्या पापाची क्षमा तो देऊ शकत नाही. दिली तरी ती लागूच होत नाही. अपवाद फक्त मरणाच्या दारातला.

आता ऑगस्टीनच्या आधी दीडशे वर्षं जाऊ, कारण विसरलेला अर्धा भाग तिथे आहे. २५० साली सम्राट डेशियसच्या छळात स्पेनमधल्या बॅसिलिडिस आणि मार्शिआलिस या दोन बिशपांनी मूर्तिपूजा केल्याचे दाखले घेऊन जीव वाचवला. दोघांचं पद गेलं, त्यांच्या जागी नवे नेमले. बॅसिलिडिसने चूक कबूल केली. साधा भाविक म्हणून परत घेतलं तरी भरून पावलो, असं म्हणाला. मग त्याचं मन पालटलं. त्याने रोम गाठलं, पोप स्टीफनला आपली बाजू सांगितली आणि पद परत मागितलं. स्पेनमधली मंडळी हवालदिल झाली आणि त्यांनी कार्थेजचा बिशप सिप्रियन याला लिहिलं. २५४ साली सिप्रियन आणि ३६ बिशपांनी कळवलं ते असं: प्रायश्चित्ताचं दार उघडं आहे, बिशपपदाचं नाही. स्टीफन दूर होता, त्याला खरी हकीकत ठाऊक नव्हती, असंही सिप्रियनने स्पष्ट लिहिलं.

सिप्रियन एका बाबतीत चुकला. पतित बिशपाचे संस्कारही पोकळ, असं तो मानत असे, आणि डोनेटसवाले पुढे त्याचंच नाव घेऊन भांडले. ऑगस्टीनने ती चूक दुरुस्त केली. म्हणजे संस्काराबद्दल ऑगस्टीन बरोबर आणि पदाबद्दल सिप्रियन बरोबर. विसाव्या शतकातल्या अनेक बिशपांनी ऑगस्टीन पाठ केला आणि सिप्रियन विसरले. पापाची क्षमा एका वहीत लिहायची, पदाची लायकी दुसऱ्या वहीत. त्यांनी दोन्ही नोंदी एकाच वहीत घातल्या: क्षमा झाली ना, मग पाठवा दुसऱ्या पॅरिशला, म्हणजे दुसऱ्या गावच्या चर्चला.

अमेरिकेतल्या बिशपांनी जॉन जे कॉलेजकडून करून घेतलेला अभ्यास २००४ मध्ये आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाचे आरोप नोंदले गेले होते. त्या काळातल्या धर्मगुरूंपैकी हे सुमारे ४ टक्के. तक्रार करणारे १०,६६७. या गोष्टी लांबत का गेल्या? तक्रार आली की त्या फादरला एकांत साधनेला किंवा उपचार केंद्रात पाठवत. तिथून "सुधारणा आहे" असा कागद यायचा, नवी नेमणूक व्हायची, आणि नव्या गावातल्या पालकांना मागचं कुणी सांगत नसे. उपचाराची भाषा आणि क्षमेची भाषा, दोन्ही चांगल्याच. त्यांचा उपयोग मात्र गप्प बसायला झाला.

आणि बॅसिलिडिसची गोष्ट तर जशीच्या तशी पुन्हा घडली. न्यूयॉर्कचे कार्डिनल ओकॉनर यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यू जर्सीतले आर्चबिशप थिओडोर मॅककॅरिक यांच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांबद्दल रोमला लेखी इशारा दिला होता. रोमने चौकशी केली. न्यू जर्सीतल्या चार बिशपांपैकी तिघांनी अपुरी आणि चुकीची माहिती कळवली. मॅककॅरिक यांनी ऑगस्ट २००० मध्ये पोपच्या सचिवांना पत्र लिहून सगळं नाकारलं, आणि वर्षअखेर वॉशिंग्टनचे आर्चबिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली. व्हॅटिकनने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात यामागचं एक कारण दिलंय. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट बिशपांना बदनाम करायला खोटे आरोप पेरत असे. त्या अनुभवामुळे मूळच्या पोलंडच्या पोप दुसऱ्या जॉन पॉल यांना नकार खरा वाटला असावा. दूर बसलेल्या माणसाने जवळच्या साक्षीदारांपेक्षा आरोपीच्या शब्दावर भरवसा ठेवला. २५४ साली जे झालं, तेच २००० साली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मॅककॅरिक यांचं धर्मगुरूपद काढून घेतलं गेलं.

यंत्रमागाचा आवाज ऐकत वाढलेल्या शहरात एक उदाहरण चटकन कळेल. बाण्याचा धागा तुटला की माग खटकन थांबतो, तशी सोयच असते. ताण्याचा एखादा धागा तुटला तर जुना साधा माग चालूच राहतो. विणकराची नजर तिकडे नसेल तर कापडात उभी रेघ उठते आणि मीटरामागे मीटर तशीच वाढत जाते. धागा तुटणारच, सुताला दोष देऊन भागत नाही. पण माग कुणी थांबवायचा, हे ठरलेलं पाहिजे.

धागा तुटणारच, हे चर्च फार आधीपासून मानतं. बाप्तिस्म्याने माणसाला जन्मतःच लागलेलं मूळ पाप धुतलं जातं, पण पापाकडची ओढ उरते, हे ट्रेंटने १५४६ मध्ये सांगितलं. ही ओढ म्हणजे पाप नव्हे. पापाची ती वाट आहे. दीक्षेने ती ओढ जात नाही. पांढरा झगा घातला म्हणून संध्याकाळी साडेसातला रिकाम्या खोलीत परतणारा माणूस वेगळ्या मातीचा होत नाही. घोर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, पुरती जाण हवी, मनापासून संमती हवी. व्यसन, भीती, सवय यांनी संमती कमी होते आणि दोषाचा भार हलका होऊ शकतो. हे माप देवापुढच्या हिशेबाचं. पीडिताच्या जखमेचं माप त्याने बदलत नाही, आणि पोलिसांच्या कागदाचंही नाही. दुबळेपणा आणि गुन्हा यांतली ही रेघ पुसली की "बिचारा, माणूसच तो" एवढंच उरतं.

घसरण एका रात्रीत होत नाही. बहुधा स्वतःचं पापनिवेदन आधी बंद पडतं. दुसऱ्यांचं ऐकायचं, आपलं सांगायचं नाही. मग प्रहर-प्रार्थना चुकू लागते. वार्षिक साधनेला कामाचं निमित्त सापडतं. हिशेब एकट्याच्या हातात येतो. शेवटच्या मुद्द्यावर प्रापंचिकांना थेट काही करता येतं. कॅनन कायद्याच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असायलाच हवी, ऐच्छिक नाही. कलम १२८७ प्रमाणे भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा असतो. ही समिती नावापुरती आहे का, तीत फादरांचेच आवडते चौघे आहेत का, हे विचारणं म्हणजे पाखंड नव्हे. आपली अडचण वेगळीच असते. फादर आले की सगळे उठून उभे, जेवणात पहिलं ताट त्यांचं, आणि हिशेब विचारला तर "फादरांवर संशय?" पाया पडणाऱ्याला वरचा चेहरा दिसत नाही.

मग आजच्या संस्कृतीचं काय? ती एकाच दमात दोन गोष्टी सांगते. पाप वगैरे काही नसतं, ज्याचं त्याचं आयुष्य. आणि दहा वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट सापडला की त्या माणसाला जन्मभर माफी नाही. बरं, माफीनामे तरी कसे येतात? "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत." पापनिवेदनात हा "असतील तर" चालत नाही. तिथे आधी स्वतःच्या मनाची झडती घ्यायची, खरा पश्चात्ताप आणायचा, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, घोर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची, आणि दिलेलं प्रायश्चित्त पार पाडायचं. चोरी केली असेल तर पैसे परत करायचे; त्याऐवजी नुसती जपमाळ म्हणून सुटका नाही.

इथे सगळ्यांत अवघड प्रश्न येतो. गुन्हेगारानेच पापनिवेदनात गुन्हा सांगितला तर? गुप्ततेची मोहोर धर्मगुरूला कुणासाठीही तोडता येत नाही. थेट तोडली तर तो आपोआप बहिष्कृत होतो. व्हॅटिकनने २०१९ मध्ये हेही स्पष्ट केलं की पोलिसांकडे जा तरच क्षमा देतो, अशी अट घालता येत नाही. पश्चात्तापच दिसत नसेल तर मात्र क्षमा नाकारता येते. पीडिताने तिथे सांगितलं तर त्याला त्याचे हक्क आणि तक्रारीचा मार्ग सांगणं धर्मगुरूचं कर्तव्य. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या आपल्या पोक्सो कायद्याच्या, गुन्हा कळवणं बंधनकारक करणाऱ्या कलम १९ मध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. हा पेच खरा आहे, गोड बोलून तो सुटत नाही. पण मोहोर आहे ती त्या खुर्चीपुरती. सभेत, ऑफिसात, फोनवर, मुलाच्या आईकडून, शिक्षिकेकडून जे कळलं त्याला मोहोर नाही, आणि बहुतेक प्रकरणं कळतात ती अशीच.

तसं कळलं तर काय करायचं? मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं. उलटसुलट प्रश्न विचारायचे नाहीत, चार जणांपुढे पुन्हा वदवून घ्यायचं नाही. त्याने साक्ष बिघडते. आरोपीला बोलावून "समोरासमोर" बसवायचं नाही. १०९८ या बालहेल्पलाइनवर किंवा पोलिसांत कळवायचं. अठरा वर्षांखालच्या कुणाबद्दलही हे बंधन सगळ्यांवर आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब घरी घेता येतो, आणि गणवेशातल्या पोलिसाने तो घ्यायचा नसतो, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. मग बिशपांना लेखी कळवायचं. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या नियमांनी फादर आणि सिस्टर यांच्यावर वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलंय, आणि तक्रारदाराला गप्प राहण्याची अट घालायला मनाई केलीय. व्हॅटिकनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे आरोपीची नुसती बदली करून मोकळं व्हायचं नाही. "आधी आतल्या आत बघू" या वाक्याने जेवढं नुकसान केलंय, तेवढं चर्चच्या शत्रूंनी केलं नसेल.

समजा, सगळं रीतसर झालं आणि त्या माणसाचं धर्मगुरूपद गेलं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत संस्कार देणाऱ्याचं नाव लिहावंच लागतं, कॅनन कायद्याचं कलम ८७७. त्याची जुनी नावं खोडायची का? नाही, ती मुलं बाप्तिस्मा घेतलेलीच आहेत. त्याला आता मिस्सा करायला मनाई, उपदेश द्यायला मनाई, त्याला फादर म्हणायचं कारण नाही. पण समजा, पुणे-सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णीजवळ अपघात झाला, एक कॅथलिक माणूस शेवटच्या घटका मोजतोय, आणि मागच्या बसमधून हाच माणूस उतरला. कलम ९७६ सांगतं की त्या क्षणी तो क्षमा देऊ शकतो, आणि ती लागू होते. मग रुग्णवाहिका येते, आणि तो पुन्हा आपल्या बसमध्ये जाऊन बसतो.