गाडीला ट्रॅकर: कुणी बसवावा, कसा बसवावा

नमस्कार श्रोतेहो.

गाडीला जीपीएस ट्रॅकर बसवला की गाडी चोरीला जात नाही, असा अनेकांचा समज असतो आणि त्याच समजुतीवर यंत्र विकलंही जातं. आधी तो समज दूर करू. ट्रॅकर ना दार अडवतो, ना स्टिअरिंग. गाडी हलली हे तो सांगतो आणि हलून कुठे चालली आहे ते दाखवतो. मिळतो तो पहिला अर्धा तास. मिरजेतून निघालेली गाडी म्हैसाळवरून कागवाडला, म्हणजे कर्नाटकात, साधारण अर्ध्या तासात पोचते. साताऱ्यातून हायवेला लागलेली गाडी तासाभराच्या आत कऱ्हाड ओलांडते. या वेळात तुम्ही जागे झालात, तुम्हाला कळलं आणि तुम्ही पोलिसांना कळवलंत, तर यंत्राचे पैसे वसूल. सकाळी उठून मोबाईल बघणार असाल, तर गाडी कुठून कुठे गेली याचा नकाशा तेवढा हाती राहतो.

म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न विचारा: इशारा कसा येतो? मोबाईलवर नुसती सूचना येऊन पडत असेल, तर रात्री दोन वाजता ती कुणी बघत नाही. इशाऱ्यासाठी फोन वाजला पाहिजे, आणि तो घरातल्या किमान दोन नंबरांवर वाजला पाहिजे. ही सोय सगळ्या कंपन्या देत नाहीत. जी देत नाही, तिचं यंत्र चोरीसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ही डबी करते काय? आत तीन गोष्टी असतात. उपग्रहांकडून जागा समजून घेणारा रिसीव्हर, ती जागा मोबाईल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवणारं मोडेम आणि त्यातलं सिम कार्ड, आणि गाडीची बॅटरी तोडली तरी काही वेळ चालू राहावं म्हणून एक छोटी बॅटरी. उघड्या आकाशाखाली जागा पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर येते. घाटात, उंच इमारतींमध्ये, पत्र्याच्या शेडखाली ती सरकते. उभी असलेली गाडी नकाशावर वीस-तीस मीटर हललेली दिसली, तर लगेच घाबरू नका. ठरावीक भागाबाहेर गाडी गेली की इशारा देणारं कुंपण आखता येतं, ते याच कारणाने दोनशे मीटरपेक्षा लहान ठेवू नका. नाहीतर रोज खोटे इशारे येतात, आणि पंधरा दिवसांत माणूस आवाजच बंद करून टाकतो.

नेटवर्कचंही पक्कं समजून घ्या. कोयनेचं खोरं, तापोळा, बामणोली, चांदोलीकडचा भाग, इथे सगळीकडे रेंज मिळतेच असं नाही. बऱ्या यंत्रात साठवण असते. रेंज नसताना ते जागा नोंदवून ठेवतं आणि रेंज आली की एकदम पाठवतं. ही सोय असली तर सहलीचा मार्ग पूर्ण दिसतो. पण त्या मधल्या वेळात गाडी थेट दिसत नाही, हे मनात असू द्या. सिम कुठल्या कंपनीचं हेही विचारा. स्वस्त यंत्रं फक्त टू-जीवर चालतात, आणि जिओकडे टू-जी नाही. आता घ्यायचं तर फोर-जीचंच घ्या. सिम तेरा आकडी नंबरचं, म्हणजे खास यंत्रांसाठी दिलेलं असतं. त्याचं रिचार्ज कोण करणार, हे पावतीवर लिहून घ्या. विकणाऱ्याने सिम चालू ठेवलं नाही, तर डबी गाडीत असूनही मुकी होते, आणि ते कळतं गाडी गेल्यावर.

यंत्रं साधारण तीन प्रकारची मिळतात. पहिलं, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटमध्ये, नुसतं खोचायचं. बसवायला एक मिनिट लागतं, काढायलाही तेवढंच. आणि चोर नवी चावी गाडीला शिकवायला ज्या सॉकेटला हात घालतो, ते हेच सॉकेट. ड्रायव्हर गाडी कशी चालवतो हे बघायला हा प्रकार ठीक आहे, चोरीसाठी नाही. दुसरा प्रकार चुंबकाचा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. वायर जोडायची गरज नाही, पण चार्जिंग विसरलं की संपलं. तिसरा वायरने जोडायचा, डॅशबोर्डच्या आत लपवायचा. घ्यायचा तर हाच. मोबाईल कंपन्यांचे ब्लूटूथ टॅग काही जण सीटखाली टाकतात. ते आसपासच्या दुसऱ्यांच्या फोनवर अवलंबून असतात आणि स्वतःहून काही सांगत नाहीत. शिवाय अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय, असा इशारा चोराच्याच फोनला जाऊ शकतो. चाव्यांच्या जुडग्याला टॅग लावा, गाडीच्या भरवशाला नको.

वायरच्या यंत्राला तीन वायर महत्त्वाच्या. लाल वायर कायम चालू असलेल्या बारा व्होल्टला, काळी अर्थला, आणि तिसरी इग्निशनला. ती बहुतेक वेळा पिवळी किंवा केशरी असते, पण रंगावर जाऊ नका, यंत्राबरोबरचा कागद बघा. लाल वायरवर एक ते तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज हवा, आणि तो वायर जिथून घेतली त्या टोकाजवळ हवा. काळी वायर बॉडीच्या रंगावरच दाबून बसवली की यंत्र मधूनमधून बंद पडतं. तिच्या टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, लावून ती रंग खरवडलेल्या बॉडीच्या बोल्टखाली आवळावी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिसऱ्या वायरचा. ही वायर चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या ठिकाणी जोडायची असते. घाईत फिटर ती लाल वायरबरोबरच पिळून टाकतो. यंत्र चालू होतं, नकाशावर गाडी दिसते, गिऱ्हाईक खूश. पण यंत्राला वाटतं इंजिन रात्रंदिवस चालू आहे, त्यामुळे ते झोपतच नाही. त्याचा खर्च बघा. जागं यंत्र साधारण पन्नास मिलीअँपिअर घेतं, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची. गाडीचं स्वतःचं घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर यांचा खर्च वेगळाच. दहा-बारा दिवसांत निम्मी बॅटरी उतरते, आणि बॅटरी तीन वर्षांची असेल तर सेल्फ मारायला ताकद उरत नाही. हेच यंत्र नीट झोपलं तर पाच मिलीअँपिअरच्या आसपास घेतं, ते महिनाभर चालून जातं. गावाकडे गाडी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी हे विशेष तपासावं. तपासणी सोपी आहे. चावी काढा, दहा मिनिटं थांबा आणि अ‍ॅप उघडा. तिथे इग्निशन बंद असं दिसलं पाहिजे. चालू दिसलं तर गाडी ताब्यात घेऊ नका, फिटरला वायर बदलायला लावा.

डबी कुठे ठेवायची? तिच्या ज्या बाजूवर अँटेना आहे ती आकाशाकडे करून, वर फक्त प्लास्टिक किंवा काच येईल अशा जागी. लोखंडी पट्टीखाली ठेवली तर उपग्रह दिसत नाहीत. एसीच्या गरम हवेच्या नळीला टेकवू नका, आतली बॅटरी लवकर फुगते. पिवळ्या नळीतल्या वायरींना हात लावू देऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात. सीटखाली, कार्पेटखाली डबी बसवायची सवय सांगलीकरांनी तरी सोडावी. कृष्णेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये कुठपर्यंत आलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीत पाणी शिरलं की सगळ्यात आधी कार्पेट भिजतं.

नव्या गाडीत मूळ वायर कापून जोड देऊ नका. वायरिंगच्या वॉरंटीवर वाद होतो. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा जोड-फ्यूज मिळतो, त्यातून करंट घ्यावा. आणि ट्रॅकर घेण्याआधी गाडीचं पुस्तक उघडून बघा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीनेच सिमसकट ही सोय दिलेली असते, पहिली काही वर्षं फुकटही असते, आणि मालकाने ती चालूच केलेली नसते.

मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोय पुष्कळांना भुरळ घालते. त्यासाठी रिले, म्हणजे इशारा मिळाला की करंट तोडणारा स्विच, लावतात आणि बहुतेक वेळा तो इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपाचा करंट तोडतो. हे काम जपून करायचं आहे. धावत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. खंबाटकी घाटात असं झालं तर चोराबरोबर मागून येणाऱ्यांचाही जीव जाईल. वेग वीसच्या खाली आल्याशिवाय किंवा गाडी थांबल्याशिवाय जे यंत्र इंजिन तोडत नाही, तेच निवडा. तशी सोय नसेल तर रिले लावूच नका.

याच रिलेमुळे पासवर्डचा विषय गंभीर होतो. अनेक स्वस्त यंत्रांचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार-पाच-सहा असाच येतो आणि तसाच राहतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने एका चिनी बनावटीच्या ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला होता. बाहेरचा माणूस त्यातून गाडी कुठे आहे हे बघू शकत होता आणि इंधनही तोडू शकत होता. बसवलेल्या दिवशीच, फिटरच्या समोर नव्हे, घरी येऊन पासवर्ड बदला.

आता पैशाचं. वायरचं बरं यंत्र साधारण तीन हजारांच्या आसपास मिळतं, पण खरा खर्च दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. सिम आणि सेवेचे वर्षाला बाराशे धरले, तर यंत्रासकट पाच वर्षांचे सात हजार आठशे होतात. विम्यात मोठी सूट मिळेल या आशेवर राहू नका. मोटार टॅरिफप्रमाणे, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दरपत्रकाप्रमाणे, चोरीविरोधी उपकरणाला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के सूट आहे, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि उपकरण एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं हवं. तो प्रीमियम आठ हजार असेल तर सूट होते दोनशे. साध्या ट्रॅकरला बहुधा तीही नाही. आणि फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. अशा मालकाने आधी विमा पूर्ण करावा, मग ट्रॅकरचा विचार.

मग घ्यावा कुणी? ज्यांची गाडी ड्रायव्हरच्या हातात असते, त्यांनी डोळे झाकून घ्यावा. तासगावहून द्राक्षं घेऊन रात्रीत वाशीला जाणारा पिकअप, हळदीची पोती वाहणारा टेम्पो, भाड्याने दिलेली गाडी, यांचे पैसे चोरी न होताही वसूल होतात. गाडी कुठे थांबली, किती चालली, माल कधी पोचेल हे फोन न करता कळतं. मात्र ड्रायव्हरला आधी सांगा, लपवून लावू नका. यंत्र आहे हे माहीत असलं की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत, आणि माणसाचा मानही राहतो. पिवळ्या पाटीच्या प्रवासी गाड्यांचा नियम वेगळा आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या टॅक्सी-बसना एआयएस-१४० या सरकारी मानकाप्रमाणे प्रमाणित यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे, रिक्षांना त्यातून सूट आहे. तिथे बाजारातली साधी डबी चालत नाही.

घरची गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर ट्रॅकर घ्या, पण आधी हजार-दीड हजारांचं दणकट स्टिअरिंग लॉक किंवा गिअर लॉक घ्या. गाडी बंद फाटकाच्या आत असेल आणि घरचेच लोक चालवत असतील, तर नुसतं लॉक पुरे. उरलेले पैसे नव्या टायरला लावा.

बसवल्यावर सहा महिन्यांनी एकदा परीक्षा घ्या. यंत्राच्या वायरवरचा फ्यूज काढा. दोन मिनिटांत वीज तोडल्याचा फोन आला पाहिजे, आणि पुढचे दोन तास तरी जागा दिसत राहिली पाहिजे. चोर बोनेट उघडून आधी बॅटरीची तार काढतो, तेव्हा हीच छोटी बॅटरी कामाला येते. उन्हात उभ्या गाडीत ती दोन-तीन वर्षांत दमते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

गाडी गेलीच तर ११२ लावा आणि चालू जागेची लिंक पोलिसांना पाठवा. मोटारसायकल काढून स्वतः मागे जाऊ नका. आरसीचा फोटो, इंजिन आणि चासी नंबर मोबाईलमध्ये आधीच असू द्या. फास्टॅगचे मेसेजही बघत राहा. साताऱ्यातून गेलेल्या गाडीचे तासवडे टोलनाक्यावर पैसे कापले गेले तर ती कऱ्हाडकडे आहे, आणेवाडीला कापले गेले तर पुण्याच्या दिशेने. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि दोन्ही चाव्या जपून ठेवा, कारण दाव्याच्या वेळी त्या मागतात. गाडी सापडलीच नाही तर पोलिसांचा अ-समरी अहवालही, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, लागतो.

राहता राहिली जुनी गाडी. सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या मालकाचा किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीचा ट्रॅकर आत राहिलेला असू शकतो. इलेक्ट्रिशियनला डॅशबोर्डखालचं आवरण काढायला लावा. कंपनीच्या वायरिंगला काळी कापडी टेप असते. तिच्याबाहेर वेगळी लाल-काळी जोडी आणि काड्यापेटीएवढी डबी दिसली, तर ती कुणाची आहे हे पैसे देण्याआधी विचारा. स्वतःची गाडी विकताना डबी काढून घ्या, किंवा अ‍ॅपमधून आपला नंबर काढून खातं नव्या मालकाच्या नावावर करून द्या.