मेंदूचा तुकडा, काचेवर

[दृश्य: राजारामपुरी, सकाळची वर्दळ. मग एका लॅबचं दार.]

ऑपरेशन थिएटरमधून फोन आलाय. मेंदूतल्या गाठीचा तुकडा निघालाय, सर्जन उत्तरासाठी थांबलेत. थोड्या वेळात डबी पोचते. ओलसर गॉजवर करडा-पांढरा तुकडा.

एरवी असा तुकडा गोठवून त्याचे काप घेतात. मेंदूत मात्र पाणी फार. गोठताना बर्फाचे कण तयार होतात आणि ऊतीत भोकं पडतात. म्हणून इथं 'स्क्वॅश', म्हणजे दोन काचांमध्ये चेपणं.

[दृश्य: टेक्निशियनताईंचे हात, अगदी जवळून.]

ज्वारीच्या दाण्याएवढा कण काचेवर, वर दुसरी काच. हलका दाब, सरळ ओढ, आणि लगेच अल्कोहोलमध्ये.

"वाळली की गेली बघा," ताई म्हणतात.

मग हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन हे दोन रंग. ग्लायोमा (मेंदूतल्या आधारपेशींची गाठ) असेल तर पेशींच्या मागं बारीक तंतूंचं जाळं दिसतं. मेनिन्जिओमात (मेंदूवरच्या आवरणाच्या गाठीत) पेशी एकमेकींभोवती गोल गुंडाळलेल्या. डॉक्टर फोनवर अंदाज कळवतात. पक्का रिपोर्ट नंतर.

उरलेला तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये. अख्खा मेंदू असला तर तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो बादलीत उलटा टांगतात, नाहीतर बुडाशी टेकून चपटा होतो. दोन आठवडे तरी जातात. पुढचं अल्कोहोल, झायलीन, मेणाचा ब्लॉक, त्याचे पातळ काप घेणारा मायक्रोटोम, हे सगळ्या अवयवांना जवळपास सारखंच.

[दृश्य: निळ्या द्रावणातून निघणारी स्लाइड.]

खरी कसोटी लक्सॉल फास्ट ब्लू या निळ्या रंगाची. क्लूव्हर आणि बॅरेरा यांनी १९५३ साली दिलेली पद्धत. रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलेला काप सकाळी सगळाच निळा. तो लिथियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात बुडवायचा, मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. परत बुडवायचा, परत बघायचं. करडा भाग निळा रंग सोडतो, मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं आवरण, धरून ठेवतं. जरा जास्त धुतलं की मायलिनही फिकं पडतं. मग ते आजारानं गेलं की आपल्या हातानं, कसं सांगणार? म्हणून शेजारी चांगल्या मायलिनची स्लाइड तशीच रंगवतात.

त्यावर क्रेसिल व्हायोलेट: चेतापेशी जांभळ्या.

इटलीचे शास्त्रज्ञ गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारानं चेतापेशी फांद्यांसकट काळ्या करून दाखवल्या. १९०६ मध्ये स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांच्यासोबत नोबेलही मिळालं. चित्र देखणंच, पण मोजक्याच पेशी रंगतात. रोजच्या निदानाला ते चालत नाही.

[दृश्य: निळ्या भागात फिकट डाग.]

इथं मायलिन गेलंय. आतले चेतातंतू शाबूत आहेत का, हे मात्र या रंगात कळत नाही. डॉक्टर त्याच ब्लॉकचा आणखी एक काप मागतात, तंतू दाखवणाऱ्या वेगळ्या रंगासाठी.